न आलेल्या प्रणालीची प्रतीक्षा

वाङ्मयेतिहासात प्रकाशित ग्रंथांची नोंद असते. जे ग्रंथ जाहीर झाले, ज्यांची वर्षानुवर्षे वाट पाहिली गेली, ज्यांच्यावर ते येण्यापूर्वीच वाद झडले आणि जे अखेरीस निराळ्याच रूपात अवतरले, त्यांच्या प्रतीक्षेचा इतिहास मात्र सहसा कोणी लिहीत नाही. एखादी कृती वाचकासमोर येण्याआधीच तिच्याविषयीची अपेक्षा आलेली असते आणि पुष्कळदा मूल्यमापन त्या अपेक्षेच्या संदर्भातच होते, हे आपण साहित्याच्या वर्गात शिकवतो. या नियमाचे एक ठळक उदाहरण मात्र साहित्याबाहेर, संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात सापडते. मायक्रोसॉफ्टने २००१ ते २००७ या काळात घडवलेली आणि 'लाँगहॉर्न' या नावाने जिची वाट पाहिली गेली, ती ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे ते उदाहरण होय.

साहित्याच्या अध्यापकाने या विषयाकडे वळावे काय, असा प्रश्न कोणी विचारील. पोथी लिहिणाऱ्याच्या लेखी बोरूचे आणि छापखान्याच्या लेखी खिळ्यांचे जे स्थान होते, ते आपल्या लेखी ऑपरेटिंग सिस्टीमचे आहे. कळ दाबल्यावर पडद्यावर कोणते अक्षर उमटावे, ते जोडाक्षर कसे व्हावे, लिहिलेला मजकूर कोठे साठवावा आणि पुन्हा कसा सापडावा, हे सारे तीच ठरवते. तेव्हा तिच्या इतिहासात आपल्या लेखनाच्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे. तो धागा या हकिकतीच्या शेवटी हाती लागेल.

प्रतीक्षेची ही परंपरा सुरू झाली ती मात्र 'विंडोज ९५'पासून. 'शिकागो' या सांकेतिक नावाने तिची चर्चा बरीच आधीपासून चालू होती आणि अपेक्षित तारखा पुढे पुढे जात होत्या. अखेर २४ ऑगस्ट १९९५ रोजी ती विक्रीस आली, तेव्हा एखाद्या उत्सवाचे स्वरूप त्या दिवसाला आले होते. जाहिरातीसाठी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाचे गाणे घेण्यात आले, न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग विंडोजच्या रंगांत उजळली, लंडनचा 'द टाइम्स' त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या खर्चाने वाचकांना फुकट मिळाला. दुकानांपुढे मध्यरात्री रांगा लागल्या. पहिल्या पाच आठवड्यांत सुमारे सत्तर लाख प्रती खपल्या.

वादही तितकेच रंगले. यात नवे ते काय, मॅकिंटॉशने हे आधीच केले आहे, असा एक पक्ष होता. त्याआधीच्या प्रणालीत फाइलच्या नावाला आठ अक्षरांची आणि तीन अक्षरांच्या शेपटाची मर्यादा होती; नव्या प्रणालीने ती २५५ अक्षरांपर्यंत सैल केली. तेव्हा ॲपलने वृत्तपत्रात जाहिरात देऊन 'अभिनंदन' हा इंग्रजी शब्द त्याच जुन्या आठ अक्षरी साच्यात मोडूनतोडून छापला. दुसरीकडे, प्रणालीसोबत स्वतःची माहितीसेवा जोडून देणे न्याय्य आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या न्याय खात्याने केली. या सगळ्यातून एक गोष्ट रुजली. वाट पाहिली की काहीतरी खरोखरच पदरात पडते, असा अनुभव लोकांना आला. पुढच्या प्रतीक्षेला या अनुभवाचे भांडवल होते.

'विंडोज एक्सपी' २५ ऑक्टोबर २००१ रोजी आली. तिचे सांकेतिक नाव 'व्हिस्लर' होते आणि त्यानंतरच्या मोठ्या प्रणालीला 'ब्लॅककोंब' म्हणत. ही दोन्ही नावे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील बर्फाच्या पर्वतांची. त्या दोहोंच्या पायथ्याशी 'लाँगहॉर्न' नावाचे एक मद्यगृह आहे. दोन मोठ्या शिखरांच्या मध्ये घटकाभर टेकण्याची जागा, असा या नावाचा अर्थ; म्हणजे लाँगहॉर्न ही २००३च्या सुमारास येणारी एक मधली, लहान पायरी असणार होती. नावातच नम्रता होती. पुढे जे घडले ते या नम्रतेच्या अगदी उलट.

ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजलिस येथे प्रणालीलेखकांची परिषद भरली. तेथे मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्नचे तीन खांब सांगितले. पडद्यावरचे चित्रण नव्या रीतीने करणारा 'ॲव्हलॉन', निरनिराळ्या संगणकांतील कार्यक्रमांचा परस्परसंवाद सांभाळणारा 'इंडिगो' आणि साठवणीची कल्पनाच बदलून टाकणारा 'विनएफएस'. यांपैकी तिसरा आपल्यासारख्यांना मोह पाडील असाच होता. समजा, एका कवीवर आपण दहा वर्षे काम करतो आहोत. त्याच्याविषयीची पत्रे एका कप्प्यात, टिपणे दुसऱ्या, छायाचित्रे तिसऱ्या. ती कोठेही ठेवलेली असोत, त्यांच्यातील नात्याने ती एकत्र सापडावीत, असे वचन विनएफएसने दिले होते. परिषदेला आलेल्यांच्या हाती कच्ची आवृत्तीही देण्यात आली.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे म्हणजे भविष्यकाळी क्रियापदांचा हंगाम होता. फुटलेल्या कच्च्या आवृत्त्यांची चित्रे हातोहात फिरत. काही हौशी मंडळी एक्सपीलाच लाँगहॉर्नचे रूपडे चढवून ठेवत, म्हणजे प्रत्यक्ष यायच्या आत तिची नक्कल नांदू लागली होती. वादात ढोबळमानाने तीन पक्ष दिसतात. पहिला श्रद्धावंतांचा: हे पर्व संगणकाचा चेहरा बदलील. दुसरा संशयवाद्यांचा: या कंपनीने पूर्वी 'कैरो' नावाच्या प्रकल्पातही अशीच साठवणव्यवस्था कबूल केली होती आणि ती कधी आली नाही, हे तो पक्ष आठवण करून देई. तिसरा पक्ष विचारी, पण अल्पसंख्य. त्याचा प्रश्न असा, की एक्सपी नीट चालत असताना नव्याची गरज कोणाला आहे, वापरणाऱ्याला की विकणाऱ्याला? दरम्यान ॲपलने २००४च्या आपल्या परिषदेत, आता झेरॉक्स यंत्रे सुरू करा, अशा अर्थाचा टोला फलकावर रंगवला आणि एप्रिल २००५ मध्ये मजकुरातून शोध घेणारी आपली प्रणाली प्रत्यक्ष बाजारात आणली.

आतली परिस्थिती निराळी होती. २००१चे 'कोड रेड' आणि 'निमडा', २००३चा 'ब्लास्टर' अशा उपद्रवी कार्यक्रमांनी विंडोजची सुरक्षा उघडी पाडली होती. मनुष्यबळ आधीच्या प्रणालीची डागडुजी करण्याकडे वळवावे लागले. ऑगस्ट २००४ मध्ये आलेले एक्सपीचे दुसरे सुधारणासंच हे त्याचे फळ. आणि त्याच महिन्यात कंपनीला कबूल करावे लागले, की विनएफएस लाँगहॉर्नसोबत येणार नाही. आजवर रचलेले बरेचसे बाजूला ठेवून काम सर्व्हर २००३च्या पायावर नव्याने मांडण्यात आले. म्हणजे ज्या लाँगहॉर्नची जगाने वाट पाहिली, ती २००४ मध्येच संपली. तिची प्रतीक्षा मात्र संपली नाही.

जुलै २००५ मध्ये नाव ठरले: 'व्हिस्टा'. मार्च २००६ मध्ये पुन्हा विलंब जाहीर झाला. संस्थांसाठी ती ३० नोव्हेंबर २००६ रोजी आणि सामान्य ग्राहकांसाठी ३० जानेवारी २००७ रोजी आली. त्याच सुमारास एका खटल्याच्या निमित्ताने एक जुने पत्र उजेडात आले. विंडोजचे प्रमुख जिम ऑलचिन यांनी जानेवारी २००४ मध्ये आपल्या वरिष्ठांना लिहिले होते, की मी येथे नोकरीला नसतो, तर आज मॅक विकत घेतला असता. आपण मुद्दाम नाट्यमय लिहिले होते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. परंतु बाहेर चाललेल्या वादातील संशयपक्ष आतही किती जागा होता, हे त्या पत्राने दाखवले.

व्हिस्टाचे स्वागत थंड झाले. तिला दोष होते, आणि ते खरे होते. जुन्या यंत्रांवर ती जड चाले, प्रिंटरसारखी उपकरणे तिला ओळखत नसत, परवानगी विचारून विचारून ती माणसाला बेजार करी. एक्सपी बंद करू नका म्हणून सह्यांची मोहीमही झाली. पण नकाराचा सगळा हिशेब या दोषांनी पुरा होत नाही, हे एका प्रयोगावरून कळते. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने काही लोकांना 'मोहावी' नावाची नवी प्रणाली दाखवली. व्हिस्टाविषयी वाईट मत असलेल्या त्या मंडळींना ती आवडली. मग त्यांना सांगण्यात आले, की ही व्हिस्टाच आहे. कंपनीने स्वतःच्या जाहिरातीसाठी केलेला हा प्रयोग पुरावा म्हणून तोलताना सावध असावे, हे खरेच. तरीही आय. ए. रिचर्ड्स यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे काढून कविता ठेवायच्या आणि त्यांचे अभिप्राय तपासायचे, या प्रयोगावर त्यांचे १९२९चे पुस्तक उभे आहे. नाव पुसले की वाचन बदलते. हान्स रॉबर्ट याउस यांनी ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हटले, ते येथे पाच वर्षे खपून एका कंपनीने स्वतःच उभारले होते आणि त्याच क्षितिजावर तिची कृती बुटकी दिसली. पुढे २००९ मध्ये आलेली 'विंडोज ७' लोकांनी डोक्यावर घेतली. अंतर्गत आवृत्तिक्रमांक पाहिला, तर व्हिस्टा ६.० आहे आणि विंडोज ७ ही ६.१. पाया तोच, तोवर यंत्रे सुधारली होती, खडबडीतपणा घासला गेला होता आणि अपेक्षा जमिनीवर आली होती.

आता तो धागा. आमच्या पिढीने एम.ए. केले तेव्हाची एक घटना सांगतो. लघुप्रबंधाचे एक प्रकरण गावातल्या डीटीपी केंद्रात टंकित करून घेतले होते. ते फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्या संगणकावर उघडले, तर मराठीचा पत्ता नाही. रोमन अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांचा नुसता खच. कारण साधे होते. त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृती बसवलेल्या असत. तो विशिष्ट फाँट असला तरच डोळ्यांना मराठी दिसे. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नव्हताच. पुण्याच्या सी-डॅकने आणि १९९१च्या 'इस्की' या भारतीय मानकाने यावर मार्ग काढला होता, १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागाही मिळाली होती. पण प्रणालीला ती लिपी जुळवता आली पाहिजे ना! ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसताना आधी. अर्धा र कधी रफार होऊन डोक्यावर चढतो, तर कधी पुढच्या अक्षराला चिकटतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक संगणकाला शिकवावा लागतो.

विंडोजमध्ये हे शिक्षण आले ते १७ फेब्रुवारी २००० रोजी, 'विंडोज २०००'मध्ये. मराठी, हिंदी, कोंकणी आणि संस्कृत यांची नोंद तिच्यात होती, 'मंगल' हा फाँट होता. त्यातील ल आणि श हिंदी वळणाचे, म्हणून मराठी डोळ्याला खटकणारे; पण अक्षर अक्षरच होते. त्यासाठी कोणी रांग लावली नव्हती. एक्सपीतही ही सोय होती, परंतु झाकलेली. नियंत्रण विभागात जाऊन भाषांच्या पानावरील एका चौकोनात खूण करायची, मूळ सीडी घालायची, संगणक पुन्हा सुरू करायचा. आपल्याकडे मूळ सीडी कितीजणांजवळ असे? ज्याला तो चौकोन ठाऊक नव्हता, त्याच्या पडद्यावर मराठीच्या जागी रिकाम्या चौकटी किंवा विस्कटलेली जोडाक्षरे येत.

व्हिस्टामध्ये तो चौकोन नाहीसा झाला. देवनागरीची जुळणी मुळातच चालू होती. सीडी नको, खूण नको, जाणकाराला बोलावणे नको. ज्या प्रणालीची जगभर टिंगल झाली, तिने मराठी वाचकाच्या वाटेतला एक अडसर न सांगता काढून टाकला. ही गोष्ट लाँगहॉर्नच्या तीन खांबांत नव्हती, श्रद्धावंतांच्या स्तुतीत नव्हती आणि संशयवाद्यांच्या टीकेतही नव्हती. कारण वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्या चौकोनाची कधी गरजच पडली नव्हती.

प्रतीक्षेचा इतिहास लिहिताना म्हणूनच एक पथ्य पाळावे लागते. काय वचन दिले आणि काय मोडले, एवढ्यावर थांबलो, तर आपणही त्या वादाच्याच भाषेत बोलत राहतो. वाट कोण पाहत होते, कशाची पाहत होते, आणि ज्यांच्या गरजेला त्या वादात शब्दच नव्हता त्यांच्या हाती काय आले, हे विचारावे लागते. जुन्या फाँटमध्ये अडकलेले माझे ते प्रकरण आजही कोणत्याच संगणकावर वाचता येत नाही. त्यानंतर लिहिलेले प्रत्येक पान मात्र उघडते.