मुळी, वाघ आणि राजवाडा : मध्य भारतातील एका रूपांतरकथेचे वाचन

प्रास्ताविक

वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यातले हिंगणी हे गाव बोरच्या जंगलाच्या वेशीवर वसलेले आहे. या जंगलाला १९७० मध्ये अभयारण्याचा आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नागपूरकर भोसल्यांना इतिहासात 'हिंगणीकर' म्हटले जाते; परंतु ते हिंगणी म्हणजे पुणे प्रांतातील बेरडी हिंगणी होय. वर्ध्याच्या हिंगणीचा भोसल्यांशी संबंध आला तो राज्यातले एक गाव म्हणून. हा सारा मुलूख १८५३ पर्यंत त्यांच्या अमलाखाली होता आणि स्वतंत्र वर्धा जिल्हा १८६२ मध्ये निर्माण झाला. या राज्यात वाघाचे भय आणि दरबारातले कारस्थान शेजारी शेजारी नांदत होते. माणसाचे श्वापद होणे ही कल्पना त्या काळी कोण कोणाविषयी मांडत होते, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

युरोपात ही कल्पना लांडग्याशी निगडित आहे. जर्मनीतील बेडबुर्ग येथे १५८९ मध्ये पेटर श्टुम्प नामक इसमाला वृकमानव ठरवून देहदंड देण्यात आला. पुढे हा विषय मनोरंजनाच्या वाङ्मयात आला. रेनॉल्ड्सची 'वॅग्नर, द वेअर-वुल्फ' ही कादंबरी १८४६-४७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत शापित नायक, फ्लॉरेन्समधील सरदारकन्येचे काळोखे प्रेम आणि तुर्की सुलतानाच्या दरबारातील डावपेच एकत्र गुंफलेले आहेत. हाच रेनॉल्ड्स एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकांचा आवडता लेखक होता. हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिती' या पहिल्या कादंबरीमागेही त्याचीच प्रेरणा सांगितली जाते. मराठी कादंबरीने त्याच्याकडून रहस्य उचलले, दरबार उचलला. लांडगा मात्र येथे रुजला नाही. ती जागा आधीच वाघाने व्यापली होती.

रघूची गोष्ट

१८१८ पर्यंत भोसल्यांकडे असलेल्या नरसिंहपूर भागाचा कारभार पुढे कंपनी सरकारच्या वतीने विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने पाहिला. त्याचा प्रवासग्रंथ १८४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच भागाच्या उत्तरेस असलेल्या देवरीचे जहागीरदार रामचंद्रराव यांनी सांगितलेली एक हकीकत त्याने या ग्रंथात नोंदविली आहे. लोक त्यांना 'सरीमंत' म्हणत; हा 'श्रीमंत' या शब्दाचाच अपभ्रंश. देवरीच्या रानात एक मुळी सापडते. ती खाल्ली की माणसाचा तत्क्षणी वाघ होतो आणि दुसरी खाल्ली की पुन्हा माणूस. सरीमंतांच्या वडिलांकडे रघू नावाचा धोबी होता. वाघ झाल्यावर कसे वाटते हे अनुभवण्याच्या इच्छेने त्याने दोन्ही मुळ्या आणल्या आणि उताऱ्याची मुळी बायकोच्या हाती दिली. तो वाघ झाला. ते रूप पाहून भेदरलेली बायको हातातल्या मुळीसह पळाली. रघू रानात गेला, आसपासच्या गावांतील आपलेच जुने सोबती त्याने खाल्ले आणि शेवटी तो गोळीला बळी पडला. शेपूट नसल्याने त्याची ओळख पटली.

ही हकीकत अंधश्रद्धेचा नमुना म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण ते उथळपणाचे ठरेल. येथे शाप नाही, सैतानाशी करार नाही आणि खटलाही नाही. रघूविषयी सांगणाऱ्याच्या मनात द्वेष नाही, हळहळ आहे. मात्र धोबी जातच दारुडी, असा शेरा मारायला जहागीरदार विसरत नाहीत. बायकोला तर नावही नाही. नरभक्षक वाघाने एकामागून एक माणसे का मारावीत, या प्रश्नाला मुळीची गोष्ट उत्तर देते आणि त्या उत्तराचा भार अखेर एका घाबरलेल्या स्त्रीच्या हातावर टाकते. गावातील अनिष्टाचे खापर बाईच्या माथी फोडण्याची ही रीत चेटकिणीच्या आरोपांत अधिक क्रूर रूपाने दिसते. त्याविरुद्ध महाराष्ट्रात कायदा होण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

राजवाड्यातील रूपांतर

दरबारात मुळीची गरज नव्हती. दुसरे रघूजी २२ मार्च १८१६ रोजी निवर्तले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व बुद्धीने दुर्बल होते. बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांच्या पक्षावर मात करून चुलतभाऊ अप्पासाहेब कारभारी झाले आणि मे महिन्यात त्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी मृतावस्थेत आढळले. अप्पासाहेब त्या वेळी चांद्यास होते. मृत्यू नैसर्गिक मानला गेला आणि अप्पासाहेब कंपनीच्या संमतीने गादीवर आले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली आणि चित्र पालटले. १८१८ च्या मार्च महिन्यात रेसिडेंट जेंकिन्सने अप्पासाहेबांना अटक केली. परसोजीचा गळा दाबून खून झाला, हा आरोप याच सुमारास पुढे आला. आरोप खोटा होता असे म्हणण्यास आधार नाही. अप्पासाहेबांची बाजू घेणारेही तो सहज खोडून काढू शकत नाहीत. विचारात घेण्याजोगी गोष्ट आहे ती वेळेची. मित्र असताना जो राजा होता, तो शत्रू होताच खुनी ठरला. परसोजीचा मृत्यू तोच राहिला; कंपनीच्या दप्तरात रूप पालटले ते अप्पासाहेबांचे.

त्यानंतरचे रूपांतर त्यांनी स्वतःच घडविले. प्रयागकडे नेले जात असता मे १८१८ मध्ये शिपायाचा वेष करून ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयास गेले. कंपनीच्या फौजांनी महिनोन्‌महिने ते रान धुंडाळले. चितू पेंढारी त्यांचा सोबती झाला. १८१९ च्या प्रारंभी दोघे असीरगडाकडे गेले. अप्पासाहेब तेथून सुटले आणि १८४० मध्ये जोधपूर येथे वारले. चितूला मात्र रान सोडता आले नाही. कांटापूरच्या जंगलात त्याचा खोगीर घातलेला घोडा एकटाच चरताना सापडला. मग वाघाच्या जाळीजवळ त्याचे मस्तक मिळाले आणि त्यावरून ओळख पटली. खोगिराच्या पिशवीत अप्पासाहेबांची पत्रे होती. त्यांत पुढे मोठे इनाम देण्याचे वचन होते.