अडीच वॅटची खाण

बिटकॉइनच्या भावाबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला मात्र कुतूहल वाटते ते या खाणकामाच्या विजेचे.

२०१३ साली ‘एएसआयसीमायनर’ या चिनी उद्योगाने ‘ब्लॉक इरप्टर’ हे पेनड्राइव्हएवढे यंत्र विकायला काढले. वेग सेकंदाला सुमारे ३३.६ कोटी हॅश. रेडिऑन ५८७० हे ग्राफिक्स कार्ड साधारण तेवढ्याच कामाला दोनशे वॅटच्या घरात वीज खाई. हे पिटुकले अडीच वॅटमध्ये भागवी.

हा अडीचचा आकडा मुळात खाणवाल्यांचा नव्हेच. यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे खोबणीतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर मिळतो, गुणाकार अडीच. माउस-कीबोर्डासाठी आखलेल्या शिध्यावर खाण चालवायची होती! चिप १३० नॅनोमीटरची, म्हणजे तेव्हाही जुनाट. वेग वाढवायला व्होल्टेज चढवावे, तर विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. शिवाय घेतलेली वीज जवळजवळ सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते. अंगावर पंखा बसवला तर तोही त्याच अडीच वॅटांत वाटेकरी. म्हणून पाठीवर नुसती धातूची पट्टी. दहा यंत्रे हबवर खेटून लावली की पंचवीस वॅट, पाच अँपिअर. दोन अँपिअरच्या अडॅप्टरचे ते काम नव्हे. लोक मग हबसमोर छोटा पंखा ठेवीत.

सुरुवातीची किंमत होती सुमारे दोन बिटकॉइन. मी हिशेब मांडून पाहिला. जून २०१३ मधली काठिण्यपातळी दीड-दोन कोटी आणि ब्लॉकमागे बक्षीस २५ बिटकॉइन धरले, तर दिवसाची कमाई जेमतेम एक शतांश बिटकॉइन. वर्षअखेरीस काठिण्य शंभर कोटींच्या पुढे गेले. यंत्राचा वेग मात्र खोबणीने बांधलेला. घातलेले दोन बिटकॉइन परत येणे शक्यच नव्हते.

पुढे बिटमेनचा ‘अँटमायनर यू१’ १.६ अब्ज हॅशवर गेला, पण तीन वॅटांहून अधिक वीज मागू लागला, यूएसबी २.० चा नियम तिथेच मोडला. ‘यू३’ने तर ६३ अब्जांसाठी वेगळा वीजपुरवठा आणि पंखा घेतला. यूएसबीची तार उरली फक्त निरोप्याच्या कामाला.

तरी हौशी मंडळी हटली नाहीत. गेकोसायन्सच्या ‘कॉम्पॅक’मध्ये अँटमायनर एस५ ची चिप बसली, ‘न्यूपॅक’मध्ये एस९ ची, ‘कॉम्पॅक एफ’मध्ये एस१७ ची. या शेवटच्याला अंगचाच पंखा आहे, आणि साध्या हबवर त्याचे पोट भरत नाही.