शंभराला एक कमी

परवा माळा आवरताना माझी जुनी वही सापडली. शेवटच्या पानावर लिहिलंय : मायनिंग ६१, स्मिथिंग ५७. २००५ च्या सुमारास मुलुंडच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून केलेली ही कमाई!

खेळाचं नाव रूनस्केप. केंब्रिजच्या अँड्र्यू गॉवरने भावाच्या मदतीने जानेवारी २००१ मध्ये तो सुरू केला. ब्राउझरमध्येच चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागत नसे. कॅफेवाल्याची मनधरणी नको, म्हणून आमच्यात तोच चालला.

अशा खेळांची वंशावळ इसेक्स विद्यापीठात १९७८ साली सुरू झालेल्या 'मड'पर्यंत जाते. त्यात नुसते गुण जमवायचे. जे काम कराल त्यातच हात बसेल, ही कल्पना १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइनने रुजवली. पण तिथे सगळ्या कौशल्यांची बेरीज ७०० पर्यंतच. पुढे लोहारकी वाढवायची तर दुसरं काहीतरी घटणार. रूनस्केपमध्ये शिकलेलं कधी कमी होत नसे. मात्र चढण भयंकर. ९९ व्या पातळीला १,३०,३४,४३१ गुण लागतात आणि त्यातले निम्मे होतात तेव्हा तुम्ही असता ९२ वर!

एकदा बाबा मला शोधत कॅफेत आले. भांडुपचा त्यांचा कारखाना बंद पडून वर्ष झालं होतं. सव्वीस वर्षं लेथवर टर्नर होते. ओरडतील म्हणून मी अंग चोरून बसलो, तर ते खुर्चीमागे उभे राहून बघायलाच लागले.

"हा काय करतोय?"

"लोखंड वितळवतोय. निम्म्या खेपा वाया जातात."

"निम्मा माल रिजेक्ट? फोरमनने गेटबाहेर काढला असता."

मग मी त्यांना रून धातूचं चिलखत दाखवलं. ते अंगावर घालायला बचावाची ४० वी पातळी (आणि एक ड्रॅगन मारलेला) पुरे. घडवायला मात्र लोहारकीची ९९ वी, म्हणजे अगदी शेवटची. आम्हा पोरांना हा शुद्ध मूर्खपणा वाटायचा. बाबांना नाही वाटला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "घालणाऱ्याला काय, घातलं की झालं."

त्या वर्षभरात ते चार ठिकाणी कामाला विचारून आले होते. सगळीकडे वय विचारलं. लेथवर उभं करून एक जॉब काढून दाखवा, असं कुणी म्हटलं नाही.

जानेवारी २०१९ मध्ये मूळ खेळाने हा हिशेब बदलला, रून चिलखत पन्नाशीच्या आसपासच घडवता येऊ लागलं. २०१३ साली वेगळ्या काढलेल्या 'ओल्ड स्कूल' आवृत्तीत मात्र ९९ ची अट राहिली. मला तीच बरी वाटते, का ते विचारू नका.

वही बाबांना दाखवली. चष्मा वर करून त्यांनी आकडे वाचले.

"सत्तावन्नवरच सोडलंस होय रे?"