दप्तरातला चाकू आणि यथार्हदंड

‘दप्तरात हत्यार सापडलं की दाखला हातात द्या, कारण विचारत बसू नका,’ हे मत आता पालकसभांत सर्रास ऐकू येतं. त्यामागची भीती खरी आहे. २०२५ मध्ये अहिल्यानगरला आणि अहमदाबादला शाळकरी मुलाच्याच चाकूने शाळकरी मुलाचा जीव गेला. तरीही हे मत मला चुकीचं वाटतं.

वसईतल्या गासमध्ये हा नियम लावून पाहा. केळी, भाजी, फुलांच्या वाड्यांचं हे गाव. पहाटे वडिलांबरोबर वाडीत राबून शाळा गाठणाऱ्या मुलाच्या दप्तरात कलमाचा चाकू राहून जाऊ शकतो. ‘कोयता गँग’मुळे कोयता शब्दाचाच धसका बसला आहे, पण वाडीत केळीचा घड कोयत्यानेच उतरतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याची व्याख्यासुद्धा निव्वळ घरकामासाठी किंवा शेतीसाठी घडवलेल्या वस्तू बाजूला काढते. आता दुसरा मुलगा घ्या. त्याला रोज वाटेत कोणी मारतं, म्हणून तो सुरी बाळगतो. तिसरा तीच सुरी वर्गात काढून धमकावतो. तिघांना एकच शिक्षा कशी?

यावर पूर्वपक्षाचा सर्वांत जड मुद्दा असा: कारण विचारायला लागलात की विश्वस्ताचा मुलगा सुटेल आणि वीटभट्टीवरच्या मजुराचा अडकेल, सरसकट नियम निदान आंधळा तरी असतो. हा मुद्दा मी हलका मानत नाही. ओळखीपाळखीवर शिक्षा टळताना आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. पण अमेरिकेत हा प्रयोग होऊन गेला. १९९४ च्या कायद्याने बंदूक आणणाऱ्याला वर्षभर शाळाबंदी आली. पुढे ‘शून्य सहिष्णुता’ चाकूंपर्यंत पोचली, आणि २००९ मध्ये डेलावेअरमधल्या सहा वर्षांच्या मुलाला चमचा-काटा-सुरी एकत्र असलेल्या शिबिराच्या वस्तूपायी ४५ दिवस सुधारशाळेत धाडायचं ठरलं. लोक संतापले, तेव्हा शाळा मंडळाने नियम बदलला. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच म्हटलं होतं की अशा धोरणाने शाळा सुरक्षित झाल्याचा पुरावा नाही आणि काळ्या मुलांवरचा जास्तीचा बडगाही टळला नाही. पक्षपात थांबवायचा तर मुलाचं आणि पालकांचं म्हणणं लिहून घ्या, शिक्षेची कारणं लेखी द्या, त्यावर दाद मागायची सोय ठेवा.

आपल्याकडेही हा वाद जुना आहे. दंड सदैव उगारलेला असावा, हे आचार्यांचं मत कौटिल्य मांडतो आणि खोडतो. कठोर दंडाने लोक बिथरतात, सौम्य दंडाची किंमत राहत नाही, म्हणून यथार्ह, म्हणजे अपराधाला साजेसा दंड, असं त्याचं म्हणणं.

आजचा कायदाही सरसकट नियमाच्या आड येतो: शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढू देत नाही. मात्र अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवलं. वसईत चर्चशी जोडलेल्या शाळा पुष्कळ, तेव्हा तिथे मुलाला राखायचं की काढायचं हे बरंचसं व्यवस्थापनाच्या विवेकावर येतं.

वार करणाऱ्याची बाब बाल न्याय मंडळाकडेच जावी. ती शाळेने दडपू नये. धमकावणाऱ्याला काही काळ वर्गाबाहेर ठेवून समुपदेशन करावं. घाबरलेल्या मुलाची सुरी काढून घ्यावी, समज द्यावी, आणि त्याला मारणाऱ्यांचा त्याच दिवशी शोध घ्यावा. दप्तरात चाकू आहे हे शिक्षकांआधी बाकावरच्या सोबत्याला कळतं. आपल्या सांगण्याने मित्राची शाळा सुटणार हे ठाऊक असेल, तर तो तोंड उघडणार नाही.