जखमेचे पेन्शन आणि प्राप्तिकर

खेड्यातल्या गुरुजींकडे मुले पाटी-पुस्तक घेऊन येतात, तसा कधी एखादा निवृत्त हवालदारही कागद घेऊन येतो. "गुरुजी, एवढं वाचून सांगा. पलटणीत पाय अधू झाला, त्याचं पेन्शन मिळतं. आता म्हणतात, त्याच्यावरही कर आहे. खरं का हे?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो आज थोडक्यात पाहू.

आपल्याकडे प्राप्तिकर प्रथम आला १८६० साली. १८५७ च्या उठावाने सरकारी तिजोरीला मोठे भगदाड पडले होते. ते बुजविण्यासाठी विलायतेहून आलेल्या जेम्स विल्सन यांनी हा कर बसविला. पुढे तो कधी बंद झाला, कधी सुरू झाला. १८८६ च्या कायद्याने तो कायमचा ठरला. त्याच कायद्याने शेतीचे उत्पन्न करातून वगळले. म्हणजे कर कशावर घ्यावा, याबरोबरच कशावर घेऊ नये, हा विचारही पहिल्यापासून चालत आला आहे.

मग आले १९१४ चे महायुद्ध. हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे त्या युद्धात गेली. आपल्या सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एकट्या गावाचे ४६ जवान परत आले नाहीत. जे परतले, त्यांत कोणाचा हात गेलेला, कोणाचे डोळे गेलेले. अशा अपंग जवानांना हातचा धंदा शिकविण्यासाठी १९१७ साली क्वीन मेरी यांच्या नावाची तांत्रिक शाळा निघाली. ती संस्था पुढे पुण्याजवळ खडकीला आली.

१९२२ साली प्राप्तिकराचा नवा कायदा झाला. त्याच वर्षी २१ मार्चला सरकारने ८७८-एफ क्रमांकाची अधिसूचना काढली आणि सैनिकाच्या अपंगत्व-पेन्शनला करातून सूट दिली. यामागचा न्याय कोणालाही पटेल असा आहे. पगार म्हणजे श्रमाचा मोबदला. पण गेलेल्या पायाबद्दल मिळतो तो पैसा कमाई नव्हे, ती भरपाई आहे. १९६१ साली प्राप्तिकराचा दुसरा कायदा आला, तरी ही जुनी सूट चालूच राहिली.

पण अडचण निघाली ती हिशेबात. या पेन्शनचे दोन भाग असतात. एक केलेल्या नोकरीबद्दलचा, म्हणजे सेवेचा भाग, दुसरा अपंगत्वाचा. समजा, एखाद्याला सेवेचे महिना १८,००० रुपये आणि अपंगत्वाचे ६,००० रुपये मिळतात. सूट दोन्ही भागांना असेल, तर वर्षाचे २,८८,००० रुपये बाजूला निघाले. फक्त अपंगत्वाच्या भागाला असेल, तर ७२,००० च निघाले. फरक केवढा पडला, पाहा. २ जुलै २००१ रोजी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने सूचना काढून सांगितले, की सूट दोन्ही भागांना आहे.

पुढे १८ वर्षांनी नवा वाद उभा राहिला. २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने मंडळाने म्हटले, की लष्करी सेवेमुळे आलेल्या अपंगत्वापायी ज्याला नोकरीतून काढावे लागले, त्यालाच ही सूट. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्याला नाही. यामागे सरकारपक्षाची बाजू होती. रक्तदाब, मधुमेह असल्या आजारांवरही लोक अपंगत्वाचे पेन्शन घेऊ लागले आहेत, असे बोलले जात होते. पण दुसरी बाजूही ऐका. सुरुंगाने पाय गेलेला जवान हलके काम पत्करून पलटणीतच राहिला, मुदतीपर्यंत राबला, तर त्याची जखम लहान झाली का? उलट जो टिकून राहिला, त्यालाच कर लागायचा! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये न्यायालयाने परिस्थिती जैसे थे ठेवण्याचा आदेश दिला.

तेव्हा गुरुजींनी हवालदाराला काय सांगावे? आधी पेन्शनचा मूळ आदेश पाहावा. त्यात दोन्ही भाग वेगवेगळे लिहिलेले असतात. नोकरी कशी सुटली, अपंगत्वामुळे की मुदत संपल्यामुळे, हेही कागदांवर पाहावे. बँकेतल्या ठेवीचे व्याज या सवलतीत येत नाही. ते वेगळे मांडावे. बँकेने चुकून कर कापला असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. कापला म्हणजे गेला, असे समजू नये. आणि नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा नियम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारून घ्यावा.

श्रोतेहो, कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. परंतु ज्याने देशाला आपल्या शरीराचा एक भाग दिला, त्याच्याशी हिशेब करताना आकड्यांमागचा माणूस दिसला पाहिजे. १९२२ च्या त्या अधिसूचनेमागे, राज्य परक्यांचे असूनही, एवढी जाण होती. आपल्या राज्यात ती कमी होऊ नये, एवढेच.