प्रवासी चुलीचा इतिहास



वस्तीपासून दूर, उघड्या माळावर किंवा डोंगरमाथ्यावर अन्न शिजवावयाचें तर हजारों वर्षें माणसाजवळ तीन दगड आणि चार काटक्या एवढेंच साधन होतें. त्या चुलीचा धूर डोळ्यांना झोंबे, ठिणगी उडून गवत पेटे, पाऊस आला म्हणजे सगळेंच विझे. पण एक गुण तिच्या अंगीं होता. तिच्यापासून होणारा धोका दिसत असे. गेल्या सवाशें वर्षांत माणसानें ही चूल पाठीवरच्या पिशवींत घातली. तिचा धूर घालविला, काजळी घालविली, आणि अखेर तिचें इंधनहि डोळ्यांआड केलें. सोय वाढत गेली, तसतसा धोका अदृश्य होत गेला. या प्रवासी चुलीचा इतिहास आज आपणांस सांगावयाचें मीं योजिलें आहे.

आरंभ स्वीडनमधला. १८९२ मध्यें स्टॉकहोम येथील फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नांवाच्या कारागिरानें वातीवांचून जळणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. तोच आपल्या घरोघरीं नांदलेला प्रायमस. पितळी टांकींत रॉकेल भरावयाचें, काकड्यानें बर्नर तापवावयाचा आणि पंप मारावयाचा. तापलेल्या नळींतून वर चढतांना रॉकेलाची वाफ होते. ती बारीक छिद्रांतून जोरानें बाहेर पडते, भोंवतालची हवा आपल्याबरोबर ओढून घेते, आणि निळी, निर्धूम ज्योत लागते. पिन मारण्याची विद्या माझ्या पिढीनें आईच्या शेजारीं बसून घेतली. बर्नर पुरता तापण्यापूर्वीं घाईनें पंप मारला तर कच्चें रॉकेल उसळून भडका होतो, आणि पेटत्या स्टोव्हांत रॉकेल ओतणें म्हणजे मृत्यूला हांक मारणें होय. हे धडे कित्येक घरांना फार मोठी किंमत देऊन मिळाले आहेत.

हा स्टोव्ह लौकरच ध्रुवप्रदेशांत पोंचला. १८९५ मध्यें नान्सेन आणि योहानसेन हे दोघे नॉर्वेजियन वीर ‘फ्राम’ जहाज सोडून बर्फावरून उत्तरेकडे निघाले, तेव्हां त्यांच्या घसरगाडीवर प्रायमस होता. बर्फाच्या वाळवंटांत स्टोव्हचें पहिलें काम अन्न शिजविणें हें नसून बर्फ वितळवून पिण्याचें पाणी करणें हें असतें. इंधन संपलें कीं चोहोंकडे बर्फ असूनहि माणूस तहानेनें मरावयाचा. म्हणून नान्सेननें अशीं भांडीं योजिलीं कीं, एका भांड्याखालून निसटलेली उष्णता दुसऱ्या भांड्यांतला बर्फ वितळवी. इंधनाचा थेंब न् थेंब कामीं लागे.

परंतु या निळ्या ज्योतीची दुसरी बाजू १९३४ सालीं अमेरिकन दर्यावर्दी रिचर्ड बर्ड याला कळली. दक्षिण ध्रुवखंडांत, मुख्य ठाण्यापासून शंभराहून अधिक मैल दूर, बर्फांत पुरलेल्या एका झोपडींत हवामानाची नोंद करण्यासाठीं तो हिंवाळाभर एकटा राहिला होता. सोबतीला एक तेलाचा स्टोव्ह आणि बिनतारी यंत्रासाठीं पेट्रोलवर चालणारें वीजयंत्र. स्टोव्हच्या धुराड्याचे सांधे सैल होते, आणि हवा खेळविणाऱ्या नळ्यांत बर्फ सांचे. ३१ मे रोजीं संदेश पाठवीत असतां तो वीजयंत्राकडे गेला आणि तेथेंच कोसळला. त्याच्या झोपडींत कार्बन मोनॉक्साइड वायु सांचत होता. ह्या वायूला ना रंग, ना वास. रक्तांतील जें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें, त्याला हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट ओढीनें चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो आणि आंतून गुदमरत जातो.

पुढें बर्डपुढें मोठा पेंच पडला. स्टोव्ह पेटवावा तर विष, विझवावा तर गोठून मरण. ध्रुवीय रात्रीच्या काळोखांत सोबत्यांनीं आपल्यासाठीं जीव धोक्यांत घालूं नये म्हणून त्यानें आपलें दुखणें लपविलें. पण त्याचे तुटक संदेश ऐकून मुख्य ठाण्यावरील मंडळींना शंका आली, आणि ऑगस्टमध्यें तिघेजण यांत्रिक गाडी घेऊन त्याच्यापर्यंत पोंचले. तो वांचला. १९३८ मध्यें त्यानें ही हकीकत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली.

हा प्रसंग मी विस्तारानें सांगतों याला कारण आहे. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं मी शाळेंतील मुलांचें शिबिर घेऊन एका किल्ल्याच्या पायथ्याशीं उतरलों होतों. रात्रीं पाऊस आला. मुलांनीं स्टोव्ह तंबूंत घेतला आणि वारा लागूं नये म्हणून कनातीचें तोंड बांधून टाकलें. त्यांना शाबासकी देणारा मीच होतों! तासाभरानें एकाचें डोकें ठणकूं लागलें, दुसरा पेंगूं लागला. मला वाटलें, चढणीचा शीण असेल. इतक्यांत पाणी आणावयास गेलेला मुलगा परत आला आणि आंत डोकावतांच म्हणाला, “गुरुजी, इथें कोंडल्यासारखें होतें.” आम्हीं कनात उघडली, सर्वांना पावसांत बाहेर काढलें, आणि थोड्या वेळानें मुलें सावरलीं. बर्डची हकीकत पुष्कळ वर्षांनीं वाचली तेव्हां त्या रात्रीं काय होऊं घातलें होतें तें मला उमगलें, आणि वाचतां वाचतां पुस्तक खालीं ठेवावें लागलें.

रॉकेलामागून वायु आला. १९१० मध्यें अमेरिकन रसायनज्ञ वॉल्टर स्नेलिंग पेट्रोल भराभर उडून कां जातें याचा शोध घेत होता. उडून जाणाऱ्या भागांत त्याला प्रोपेन सांपडला. दाबाखालीं तो द्रवरूप होऊन नळकांड्यांत मावतो, आणि तोटी उघडतांच पुन्हां वायु होतो. उणे ४२ अंशांपर्यंत त्याची वाफ होत असल्यामुळें थंड मुलुखांत तो उपयोगी. त्याचा भाऊबंद ब्यूटेन मात्र शून्याच्या आसपासच निरुपयोगी होतो. १९५५ च्या सुमारास मुंबईंतील घरांतून असा वायु सिलिंडरमधून येऊं लागला. अमेरिकेंत अंगणांतली प्रोपेनची शेगडी आज घरोघरची वस्तु आहे.

पण या वायूलाहि स्वतःचा वास नाहीं. आपल्या सिलिंडरला येणारा कुजकट वास मुद्दाम मिसळलेला असतो, आणि त्यामागें एका शाळेची कहाणी आहे. १८ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत न्यू लंडन येथील शाळेच्या तळघरांत नळांतून गळलेला नैसर्गिक वायु सांचला. वास नसल्यामुळें कोणालाहि सुगावा लागला नाहीं. शाळा सुटण्यास थोडाच अवकाश असतां एका शिक्षकानें विजेचें यंत्र सुरू केलें, ठिणगी पडली आणि इमारत उडाली. सुमारें तीनशें मुलें व शिक्षक प्राणांस मुकले. त्यानंतर त्या संस्थानानें वायूंत दुर्गंधी द्रव्य मिसळण्याचा कायदा केला, आणि ती रीत इतरत्र पसरली. तो वास येतो तेव्हां आपण नाक मुरडतों. त्या वासाची किंमत कोणी दिली याचें स्मरण असावें.

या इतिहासांतून निघणारे नियम थोडेच आहेत. प्रोपेन हवेच्या दीडपट जड. गळला तर तो खालीं, खळग्यांत व तळघरांत सांचतो. म्हणून सिलिंडर उभा, मोकळ्या जागेंत ठेवावा. तंबूंत किंवा बंद मोटारींत कधींहि नव्हे. गळती पाहावयाची ती साबणाच्या पाण्यानें, काडी ओढून नव्हे. शेगडीचें झांकण उघडल्यावरच ती पेटवावी. ज्योत विझली तर तोटी बंद करून कांहीं मिनिटें थांबावें. रबरी नळी भेगाळली कीं बदलावी. बर्नरच्या नळींत कोळी जाळें विणतो, तें काढावें; थाळींत सांचलेली चरबी पुसावी, नाहीं तर तीच पेट घेते. वास येत नाहीं म्हणून गळती नाहींच असें समजूं नये, कारण सर्दीनें नाक दगा देतें आणि गंजलेल्या टांकींत तो वासहि फिका पडतो. आणि कोणतेंहि इंधन असो, कनातीचें तोंड बांधून आंत ज्योत ठेवूं नये.

तीन दगडांची चूल आपला धोका धुरानें सांगत असे. आतांची चूल मुकी आहे. तिच्या वतीनें सावध राहणें आपल्याकडे आलें आहे.