विवाहशून्यता, कॅथलिक

कॅथलिक विधीने लागलेला विवाह मुळातच वैध नव्हता, असा चर्चच्या धर्मन्यायालयाने दिलेला निर्णय. बाप्तिस्मा झालेल्या दोघांचा विधिवत लागलेला व शरीरसंबंधाने पूर्णत्वास गेलेला विवाह मृत्यूखेरीज तुटत नाही, अशी चर्चची शिकवण असल्याने हा घटस्फोट नव्हे. संमती देतानाच दडपण, फसवणूक, अपत्यास मनोमन नकार किंवा वैवाहिक कर्तव्ये पेलण्याची मानसिक अक्षमता होती काय, हे १९८३ च्या धर्मसंहितेनुसार तपासले जाते. किमान एका जोडीदाराने सद्भावनेने केलेल्या अशा विवाहातील मुले औरसच राहतात. निकालाला दुसऱ्या धर्मन्यायालयाच्या पुष्टीची अट पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये काढून टाकली.

गिरगावच्या सेंट टेरेसा चर्चमध्ये किंवा दादरच्या पोर्तुगीज चर्चमध्ये पुनर्विवाह करू इच्छिणाऱ्या घटस्फोटितास हा निर्णय लागतोच. मात्र १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार चर्चच्या निर्णयाने कायदेशीर विवाह संपत नसल्याने दिवाणी हुकूमनामाही आवश्यक असतो, अन्यथा पुनर्विवाह द्विभार्या-द्विपतित्वाचा गुन्हा ठरू शकतो. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पतीला पत्नीचा व्यभिचार पुरे, पत्नीला मात्र सामान्यतः व्यभिचारासोबत क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. सव्वाशे वर्षे टिकलेली ही उघड विषमता मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये रद्द ठरवली आणि २००१ च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोटही आला.

केवळ घटस्फोटामुळे ख्रिस्तप्रसाद नाकारला जातो, हा समज चुकीचा आहे. चर्चचे बंधन विवाहशून्यतेविना केलेल्या पुनर्विवाहाला आहे, आणि तेथेही २०१६ पासून धर्मगुरूंना प्रत्येक दांपत्याची परिस्थिती स्वतंत्रपणे पाहण्यास सांगितलेले आहे.